घर बघायला गेलो तो वैशाख

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की शाळा एकदम रिकामी होते, आणि त्या रिकाम्या शाळेत उत्तरपत्रिका तपासत बसलेली मी दर वर्षी सारखीच दमलेली असते. खिडकीतून कुणाच्या तरी परसातला काजू भाजल्याचा धूर आत येतो. तो डोळ्यांना झोंबतो, घशात उतरतो, आणि हातातली लाल पेन्सिल आपोआप थांबते. परवाही थांबली. गणिताच्या पेपरांचा गठ्ठा तसाच ठेवून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. इंदूबरोबर केलेला तो प्रवास मला आठवत होता. आठवत होता म्हणण्यापेक्षा अंगाला जाणवत होता. पाठीला मोटारीच्या पत्र्याचे हादरे, तळपायांना तापलेला कातळ, आणि सगळ्या सांध्यांमध्ये ती विशिष्ट शिणवट, जी चालून येते तशी नुसती वाट बघूनही येते.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. इंदू आणि मी मालवणात मुलींच्या एकाच शाळेत मास्तरणी होतो. शाळेच्या आवारात आम्ही दोघी पुस्तकी मराठी बोलायचो, आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की मालवणीत शिरायचो, जशी बाहेरून आल्यावर बाई घट्ट चोळी सोडून सैल घालते. माझं लग्न झालेलं होतं. नवरा मुंबईला गोदीत, मी इथे सासूबाईंजवळ. वर्षाकाठी एकदा तो यायचा, गणपतीला. इंदूचं झालं नव्हतं. तिशी उलटली होती. आई नव्हती, वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, आणि मुंबईतला भाऊ पत्रांतून स्थळं पाठवायचा.

त्या स्थळांची माणसं तिला बघायला येत. इंदूला त्याचा कंटाळा आला होता असं म्हटलं तर ते फार हलकं होईल. प्रत्येक वेळी तेच हिरवं लुगडं, तीच खुर्ची, खाली बघायचं, विचारलं तर बोलायचं. एकाने तिला चालून दाखवायला सांगितलं. एकाच्या मामाने वर्तमानपत्र पुढे करून वाचून दाखवायला सांगितलं. रोज चाळीस मुलींना वाचायला शिकवणारी बाई ती, तिने ते शांतपणे वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मला म्हणाली, "माले, त्या मामाकच आईकाक येय नाय असां दिसला. मधी मधी 'काय? काय?' म्हणान विचारी होतो." आम्ही दोघी खूप हसलो. मग ती फळ्याकडे वळली आणि बराच वेळ तिने काही लिहिलं नाही.

त्या वर्षी स्थळ आलं ते खारेपाटणच्या बाजूचं. खारेपाटणपासून आत, डोंगराच्या कुशीतलं एक गाव. गृहस्थ बिजवर, पहिली बायको वारलेली, दोन मुलं. भातशेती, थोडे आंबे-काजू, घरचं खाऊन सुखी. भावाने जवळजवळ होकारच कळवला होता. आणि त्या गृहस्थांच्या नावाने निरोप आला होता की, मुलगी बघायची गरज नाही, आहे ते पसंत आहे. घरातल्यांना, शेजारच्यांना तो मोठेपणा वाटला.

इंदूने तो निरोप मला वर्गाच्या दारात उभं राहून सांगितला. म्हणाली, "तेका बघूची गरज नाय. पण माका आसा."

"काय म्हणतस?"

"मी थंय जावन घर बघतलंय. एकदा तरी मी बघतलंय, माका बघूक नको कोणी. तू येतलंस?"

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते तेव्हा विचारात घेतलं नाही. माझी एक मावसबहीण खारेपाटणला दिली होती, तिच्याकडे जातो असं घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मेल्यानो, ह्या उन्हाचे खंय जातास?" आणि तरी त्यांनी डब्यात तांदळाची बोरं बांधून दिली.

सकाळच्या गाडीला बसलो तेव्हा माडांच्या झावळ्यांवर दव होतं. आम्ही दोघी किनाऱ्यावर वाढलेल्या. मालवण सोडून आत इतक्या लांब मी पहिल्यांदाच निघाले होते, इंदूही. कट्टा गाव मागे पडलं, कसाल आलं, आणि माड हळूहळू विरळ होत गेले. त्यांच्या जागी ऐन, किंजळ, काजू. रस्ता तांबडा, धूळ तांबडी, गाडीतल्या माणसांचे पांढरे शर्ट तांबडे. उताराच्या तुकड्यांवर लोकांनी भाजावळ केली होती. पालापाचोळा जाळून भुईची राख होत होती, आणि त्या काळ्या तुकड्यांच्या कडेने कुडा पांढराशुभ्र फुललेला. कणकवलीच्या पुढे सह्याद्री एकदम जवळ आला. आमच्या गावात दारातून बघितलं की नजर पाण्यावरून पार निघून जाते. इथे ती भिंतीला लागल्यासारखी डोंगराला लागून परत येत होती. मला जरा कोंडल्यासारखं झालं. इंदू मात्र खिडकीबाहेर मान काढून बघत होती. केस मोकळे उडत होते, कपाळावर धुळीचा थर, आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

एका ओहळाशी इंजिनात पाणी घालायला गाडी थांबली. माणसं पाय मोकळे करायला उतरली. इंदू सरळ ओहळात उतरली. लुगडं घोट्यांच्या वर धरून ती पाण्यात उभी राहिली, काठावरच्या जाळीतली करवंदं तोडून खाऊ लागली, आणि चिकाने ओठ चिकटले तसे ते उलट्या हाताने पुसू लागली. मी काठावर बसले होते. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "असांच जात ऱ्हवया गो माले. खंयच पोचाक नको."

त्यात गंमत नव्हती. चालकाने भोंगा वाजवला.

खारेपाटणला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. मी लहानपणापासून ऐकलं होतं की हे मोठं बंदर, इथे समुद्रातून गलबतं आत येतात. आम्ही पाहिलं तेव्हा ओहोटी होती. नदी आटून मध्यावर गेली होती आणि दोन होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. दुकानदार दुकानांच्या फळ्यांवर पंचा पसरून आडवे झाले होते. मावसबहिणीकडे पिशव्या टेकवल्या, तिला संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं आणि निघालो. कौलं घेऊन चाललेल्या एका बैलगाडीवाल्याने अर्ध्या वाटेपर्यंत बसवून घेतलं. पुढचा सडा, तो उघडा कातळमाळ, चालून जायचा होता.

सड्यावर झाड म्हणून नव्हतं. नुसता काळपट जांभा, आणि त्यावरून थरथरणारी हवा. एकाच छत्रीत आम्ही दोघी, त्यामुळे दोघींचाही एकेक खांदा उन्हात. चपलांतून चटका लागत होता. एरवी आम्ही अखंड बोलणाऱ्या, पण सड्यावर शब्द निघेना. उतरणीला पहिलं काजूचं झाड लागलं, तिथे बसलो. खाली पडलेल्या बोंडूंचा आंबूस वास, माश्या घोंगावत होत्या. मी डबा उघडला. इंदूला खाववेना.

"आवाडला नाय तर?" मी विचारलं.

"तर परत जावचां."

"आणि आवाडला तर?"

ती खाली दिसणाऱ्या कौलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माका आता आवाडणां, न आवाडणां ह्यां कायच कळणां नाय. इतकी वर्षां दुसऱ्यांक मी आवाडतंय की नाय ह्याच बघी ऱ्हवलंय."

घर शेवटचंच होतं. मोठं नव्हतं, पण नीट होतं. पुढे खळं, नुकतंच सारवलेलं, अजून ओलसर. कडेला फणस, बुंध्यापासून लगडलेला. एक बाई ओट्याच्या भिंतीला चुना देत होती. म्हातारी म्हणावी अशी नव्हती, पण हातातली काथ्याची कुंची उचलायला तिला आधी श्वास घ्यावा लागत होता. आम्ही पाणी मागितलं. तिने हात धुतले, गुळाचे खडे आणि पाण्याचे तांबे आणून ठेवले, आमच्यासमोर बसली आणि आळीपाळीने दोघींकडे बघितलं.

"खंयसून इलास?"

"वाट चुकलो," मी म्हणाले.

"ह्या वाटेन कोण चुकान येणां नाय," ती म्हणाली. "हयसर वाटच संपता. तुम्ही मालवणच्या मास्तरणी. तुमच्यातली खंयची ती सांगा."

इंदूने तांबा खाली ठेवला. "मी," ती म्हणाली.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. ती बाई ओरडेल, नाहीतर रडेल. तिने नुसती मान हलवली. तिचं नाव भागीरथी. ती त्या घरच्या वारलेल्या सुनेची आई होती. लेक गेली तेव्हा दिवस करायला म्हणून आली, ती पोरांसाठी राहिली. जावई त्या दिवशी राजापूरला गेले होते. धाकटा नातू आत पाटावर झोपला होता. मोठी नात, कमल, तेवढ्यात परसातून रातांबे ओच्यात घेऊन आली. दहाएक वर्षांची, तेल नसलेले केस, धीट नजर. आम्ही शिक्षिका आहोत एवढंच तिच्या कानावर पडलं असावं.

"पाचवीत काय शिकयतत?" तिने उभ्या उभ्याच विचारलं. गावची शाळा चौथीपर्यंत होती. ती चौथी पास होऊन घरी बसली होती.

"अपूर्णांक," इंदू म्हणाली.

"तां काय?"

इंदू उठली, खळ्याच्या कोरड्या कडेला उकिडवी बसली आणि काटकीने मातीत भाकरी काढून तिचे भाग करू लागली. कमलने रातांबे तिथेच ओतले आणि समोर बसली. त्या दोघींची डोकी एकमेकींना लागली होती. भागीरथी त्यांच्याकडे बघत होती आणि मी भागीरथीकडे.

थोड्या वेळाने तिने इंदूला हाक मारली. "बाये, हयसर ये. खरां सांगतंय, रागाव नको." इंदू येऊन बसली. "माझो जावय बरो आसा. पिणां नाय, हात उगारणां नाय. पण बोलणां नाय. माझी लेक गेली तेव्हापासून तो बोलणांच नाय. तू इलंस तर बोलतलो काय, माका म्हायत नाय. ह्यो चुनो मी तुझ्यासाठी लावतंय." ती जरा थांबली. "माझो घोव थंय वालावलीक एकटो आसा. डोळ्यांनी दिसणां नाय तेका, हाताच्या अदमासान भात रांधता. तू इलंस तर माका घराक जावक गावतला. तुझ्या बऱ्यासाठी सांगणंय नाय गो. माझ्या बऱ्यासाठी सांगतंय. मी दमलंय."

इतक्या वर्षांत त्या लग्नाच्या बाजारात इंदूशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मी तिचा हात धरला, तो तिने हळूच सोडवून घेतला आणि भागीरथीच्या चुन्याने माखलेल्या हातावर ठेवला.

"आये, मी पण दमलंय," ती म्हणाली. "तुमच्या खांद्यावरचां ओझां तुम्ही माझ्या खांद्यार दितलास. मी तां घेवन उभी ऱ्हवाक शकणंय नाय. खंयतरी खाली ठेयतलंय. आणि त्या ओझ्यात ही पोरां आसत."

फणसावर कावळा ओरडत होता. मला वाटलं आता उठावं, निघावं. मग भागीरथीने पदराने तोंड पुसलं. "सांगलंस तां बरां केलंस," ती म्हणाली. "आता जेवन जावा. उपाशी जावक दिवचंय नाय."

तिने उकड्या तांदळाची पेज वाढली, फणसाची भाजी, आमसुलाचं सार. नकार देणाऱ्या पाहुण्यांना इतक्या प्रेमाने वाढलेलं मी पुन्हा कुठे बघितलेलं नाही. निघताना ती पाणंदीपर्यंत आली. कमल सड्याच्या पायथ्यापर्यंत आली आणि पूर्णांक-अपूर्णांक पुटपुटत परत गेली.

परतीच्या प्रवासात इंदूने काहीही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताच तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, ते मालवणचे माड दिसेपर्यंत. तिचं डोकं जड लागत होतं. माझ्या हाताला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. डोंगर, ओहळ, कुडा, काळी भाजावळ, सगळं उलट्या क्रमाने गेलं आणि ते मी एकटीने बघितलं. तेव्हा मला माझ्या होकाराचं कारण कळलं. नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईलाही कधीतरी स्वतः वाटेला लागायचं असतं.

पुढे व्हायचं ते झालं. भावाची संतापाची पत्रं आली. चेडू स्वतः जाऊन घर बघून आलं आणि नको म्हणालं, ही गोष्ट बाजारपेठेत पंधरवडाभर चघळली गेली. वडिलांनी तेवढं काही विचारलं नाही. मग जूनमध्ये शाळा उघडली, आणि एका भिजलेल्या सकाळी शाळेच्या कचेरीत एक गृहस्थ येऊन उभे राहिले. काळी टोपी, हातात गळणारी छत्री, शेजारी तेल लावून घट्ट वेण्या घातलेली कमल. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, भिकाजी. मी इंदूला वर्गातून बोलावून आणलं.

ते कचेरीतलं मराठी बोलले, शब्द जुळवून जुळवून. "तुम्ही नाही म्हणालात ते सासूबाईंनी सांगितलं. ते राहू द्या. मुलीला पाचवीत बसवायचं आहे."

"राहणार कुठे ती?" इंदूने विचारलं.

"तेच विचारायला आलो."

बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मला कुणी विचारलं असतं," ते खाली बघत म्हणाले, "तर मीही नाहीच म्हणालो असतो. अजून मला..." पुढचं त्यांना सांगता आलं नाही. ते इतकं बोलले याचंच मला नवल वाटलं.

इंदू कमलला घरी घेऊन गेली. पुन्हा बाजारपेठेला चघळायला मिळालं. नवरा नको आणि त्याची पोर हवी, ही कसली रीत? पण अंथरुणातल्या वडिलांना कमल वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली, आणि भिकाजी दर दोन महिन्यांनी तांदूळ घेऊन येत, ओट्यावर बसत, पोरीकडे बघत आणि जात. इंदूशी त्यांचं 'बरां मां?' आणि 'बरां' एवढंच. त्यापुढे ते गेलं नाही, आणि जावं असं दोघांनाही वाटलं नसावं. कमल आता रत्नागिरीला कॉलेजात आहे. वडील गेले. इंदू अजून माझ्या शेजारच्या वर्गात शिकवते. ती सुखी आहे का, असं मला लोक विचारतात. मला काय माहीत? संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती खुर्चीत बसून चपला काढून ठेवते आणि डोळे मिटते. मीही तेच करते. मग आम्ही घरी जातो.

पण त्या वर्षीचं अजून थोडं सांगायचं राहिलं. कमल मालवणला आल्यावर धाकट्या नातवाला घेऊन भागीरथी आपल्या गावी गेली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी कमलला तिच्याकडे घेऊन गेलो. कुडाळहून पुढे वालावलीची वाट. भात कापून झालेलं, मळ्यांत नुसते बुडखे, देवळाजवळच्या तळ्यात माडांची उलटी रांग. दुपार झाली होती. घर लहानसं. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. पावलांचा आवाज आला तसा त्यांनी आमच्या बाजूला न बघता हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "ती निजली आसा."

कमल आत धावणार होती. इंदूने तिला धरलं.

"इल्यापासून निजताच," म्हातारे हलक्या आवाजात सांगू लागले. "दुपारची निजता, सांजची निजता. माका वाटला दुखण्याक इली. वैद्याक आणलंय. तेणां नाडी बघल्यान आणि म्हणालो, काय एक झाला नाय, निजांदे तिका."

उघड्या दारातून आतल्या अंधारात चटईवर भागीरथी दिसत होती. कुशीवर, हात उशाशी, तोंड जरा उघडं. कमल उंबऱ्यापर्यंत जाऊन बघून आली आणि पाय न वाजवता आमच्याजवळ बसली.

"कितकी जणां आसास?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"तिघां," इंदू म्हणाली.

त्यांनी नातवाला माझ्याकडे दिलं, भिंतीचा आधार घेत उठले आणि आत निघाले. तांदूळ काढायला. इंदू मदतीला उठली, तसे ते थांबले. आवाजाच्या रोखाने वळून म्हणाले, "बस गो. लांबसून इलंस."

इंदू बसली. आतून मडक्यावरची झाकणी उचलल्याचा आवाज आला, आणि ती पुन्हा इतक्या हळू ठेवली गेली की आम्हाला ऐकू आलं नाही.